झोपाळ्यापासून बटणापर्यंत: मुलांची ऑक्युपेशनल थेरपी नेमकं काय करते?

एका आईने विचारलं आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. बोलायला हुशार, ऐकलेल्या गोष्टी तोंडपाठ. पण शर्टाची बटणं लागत नाहीत, सपाट जमिनीवरही धडपडतो, वही उघडली की पोट दुखायला लागतं. नखं तो झोपल्यावर कापावी लागतात. बालरोगतज्ज्ञांनी ऑक्युपेशनल थेरपी सुचवली, म्हणून तीन महिने आठवड्यातून दोनदा नेतात. ‘तिथे तो झोपाळ्यावर बसतो, चेंडूंच्या हौदात उड्या मारतो, मजेत असतो. अक्षर मात्र होतं तसंच आहे. हे नेमकं काय चाललंय? आम्ही घरी काय करायचं? आणि आजीने सगळं हातात दिलं, म्हणून तर असं झालं नाही ना?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात टोचत असेल तर बाकीचं काही डोक्यात शिरत नाही. नाही, आजीमुळे झालेलं नाही. आजी बटणं लावून देते म्हणून त्याला ती येत नाहीत असं तुम्हाला वाटतंय. मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून माझ्या अनुभवात बहुतेक घरांत क्रम उलटा असतो: मुलाला बटणं जमत नाहीत, शाळेची वेळ झालेली असते, त्याचा चेहरा पडलेला आजीला बघवत नाही, म्हणून ती लावून देते. पुढे सराव कमी होतो हे खरं, आणि ते आपण बदलू. पण मूळ अडचण त्याच्या हालचालींच्या आखणीत आहे, तुमच्या संगोपनात नाही.

चार ओळींवरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तुम्ही सांगितलेलं चित्र मात्र ओळखीचं आहे. बुद्धी चांगली, स्नायूंचा किंवा नसांचा उघड आजार नाही, तरीही शरीराकडून हवी ती हालचाल हवी तशी करून घेणं अवघड जातं. याला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर म्हणतात. शाळकरी वयाच्या मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ती असते, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एक-दोन जण. या मुलांना आळशी, वेंधळी, लक्ष नसलेली असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर शेजारच्या बाकावरच्या मुलापेक्षा दुप्पट कष्ट उपसून त्यांची निम्मी ओळ लिहून होते. तुमच्या मुलाचं पोट दुखतं ते खरंच दुखतं. ते खोटं धरू नका. ‘मोठा झाला की आपोआप येईल’ असं नातेवाईक म्हणत असतील, तर त्यांच्या शब्दावर विसंबून थांबूही नका. बऱ्याच मुलांमध्ये ही अडचण मोठेपणीही राहते. एकेक काम मात्र नीट शिकवलं तर येतं, आणि आमचं काम तेवढ्यासाठीच आहे.

‘ऑक्युपेशन’ म्हटलं की नोकरीधंदा डोळ्यांपुढे येतो आणि मराठीतल्या ‘व्यवसायोपचार’ या शब्दाने त्यात भरच पडते. सहा वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय, असं पालक अगदी मनापासून विचारतात. या शास्त्राची व्यावसायिक संघटना अमेरिकेत १९१७ साली उभी राहिली, तेव्हापासून या शब्दाचा अर्थ व्यापक आहे: माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं. मुलाचं काम म्हणजे खेळणं, जेवणं, कपडे घालणं, दात घासणं, शी-शू सांभाळणं, शाळेत बसणं, दोस्ती करणं, वेळेवर झोपणं. यातलं जे अडतं ते सुरळीत करायचं, एवढा आमचा पसारा. फिजिओथेरपिस्ट पायात ताकद आणतील. त्या पायात मोजा आणि बूट मुलाने स्वतः चढवावा, यासाठी लागेल ते सगळं आम्ही बघतो.

म्हणूनच पहिल्या भेटीत मी अहवालांची फाईल बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘काल सकाळी तो उठल्यापासून काय काय झालं ते सांगा.’ पालक आधी गोंधळतात, मग सांगू लागतात. उठायला त्रास नाही. दात घासताना ओकारी. आंघोळ ठीक, डोक्यावरून पाणी मात्र नको. कपड्यांवरून रडारड. बूट उलट्या पायात. रिक्षा खाली उभी. आई त्याचा पाय हातात धरून बसलेली, बाबा दारातून हाक मारतायत. या पाच मिनिटांच्या वर्णनातून मला जे कळतं ते कुठल्याही चाचणीतून कळत नाही, कारण घरातल्या सगळ्यांचा जीव नेमका कुठे मेटाकुटीला येतो ते तिथे दिसतं.

त्यानंतर मी विचारते की यातल्या कुठल्या गोष्टी बदलल्या तर तुमचा दिवस सुधारेल. तशा चार-पाचच निवडायला सांगते आणि प्रत्येकीला दहापैकी दोन आकडे मागते: हे काम सध्या किती जमतं, आणि जे जमतंय त्यावर तुम्ही किती समाधानी आहात. ही पद्धत कॅनडातल्या थेरपिस्टांनी तयार केली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. काही महिन्यांनी तेच आकडे पुन्हा विचारायचे. दोन किंवा त्याहून जास्त गुणांनी आकडा वर गेला, तर घरात जाणवण्याइतका बदल झाला असं मानतात. पद्धत साधी आहे, पण तिच्यामुळे थेरपिस्टला झोपाळ्याआड लपता येत नाही.

मुलाला स्वतःला काय हवंय हेही विचारावं लागतं, आणि इथे मोठी माणसं हमखास चुकतात. आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे, तिची डावी बाजू कमजोर होती. आईवडिलांना डाव्या हाताची मूठ उघडायला हवी होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला माझे केस माझे मला बांधायचेत. सगळ्या मुली बांधतात.’ मग आम्ही केसच घेतले. रबर डाव्या हाताच्या बोटांत अडकवून ठेवायचं, केस उजव्या हाताने गोळा करायचे, डावा हात डोक्यामागे नेऊन रबर पुरवायचं. मूठ उघडण्याचे व्यायाम ती टाळायची, पण केसांसाठी रोज आरशासमोर आपणहून उभी राहू लागली. पूर्वी तिच्याकडून करून घेताना दमछाक व्हायची, तितक्याच वेळा आता तो हात कामाला लागत होता. कॅनडातले पीटर रोझेनबाउम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ साली मुलांच्या अपंगत्वाचा विचार करताना सहा गोष्टी नजरेसमोर ठेवायला सांगितल्या: काम जमणं, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि भविष्य. केस बांधणाऱ्या त्या मुलीच्या बाबतीत सहापैकी किती साधल्या ते मोजून बघा.

आता तुमच्या मुलाच्या बटणाकडे येते. थेरपिस्ट एखाद्या कामाकडे कसं बघतो हे कळलं तर बाकीचं आपोआप कळेल.

बटण लावताना तुमचे हात काय करतात ते कधी पाहिलंय? आता एकदा लावून बघा. एक हात काजाची कड चिमटीत धरून कापड ताणतो. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी बटण आडवं धरून त्याची कड काजात घुसवतात. बटण निम्मं आत गेलं की अवघड क्षण येतो. ढकलणाऱ्या हाताने सोडायचं आणि कापड धरणाऱ्या हाताने बटण पलीकडून पकडून ओढायचं. क्षणभरात दोन्ही हातांची कामं बदलतात. वर गळ्याजवळचं बटण डोळ्यांना दिसतही नाही, ते बोटांच्या भरवशावर लावायचं असतं.

मूल नेमकं कुठे अडतं ते मला बघायचं असतं. एका मुलाची चिमटच ढिली असते, बटण निसटतं. दुसऱ्याची चिमट पक्की असते पण तो आधी बटण ढकलतो आणि काज धरायचं विसरतो, म्हणजे क्रम हरवलेला. तिसरा सगळं बरोबर करतो, पण हात बदलण्याच्या क्षणी दोन्ही हात एकदम सोडतो आणि बटण मागे पडतं. चौथी मुलगी बटणाकडे बघतच नाही, कारण खुर्चीवर तोल सांभाळण्यातच तिचं अर्धं लक्ष गेलेलं असतं. तक्रार चौघांची एकच, बटण लागत नाही. काम मात्र चौघांसोबत वेगळं करायचं असतं. पहिल्याला बोटांची ताकद हवी, दुसऱ्याला क्रम लक्षात राहील अशी युक्ती, तिसऱ्याला त्या एका क्षणाचा सराव, आणि चौथीला पाय टेकणारी खुर्ची दिली की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. म्हणून ‘बोटं मजबूत करायला मातीचे गोळे करायला द्या’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. ज्याची बोटं मजबूतच आहेत त्याने गोळे करून काय मिळवायचं?

आता झोपाळा. तोल आणि गती यांची जाणीव देणारं यंत्र आतल्या कानात असतं. अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं कुठे वळलं ते सांगतात आणि त्यांच्या शेजारची दोन इंद्रियं सरळ रेषेतली गती आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. स्नायू आणि सांधे हात-पाय कुठे आहेत याची खबर मेंदूला देत असतात. या खबरी मेंदूत नीट जुळल्या नाहीत तर शिकणं आणि वागणं अडतं, असा सिद्धांत जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९६० आणि ७० च्या दशकांत मांडला. लोंबते झोपाळे, उतरणी, चढायच्या जाळ्या हे सगळं त्यातून आलं. एअर्स यांचं ऋण मोठं आहे. ज्या मुलांना लोक हट्टी किंवा भित्री म्हणत होते, त्यांच्या वागण्यामागे शरीराला येणारे अनुभव असू शकतात हे त्यांनी आम्हाला दाखवलं.

पण पुराव्याचं काय? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली या उपचारांबद्दल निवेदन काढलं. त्यात म्हटलं आहे की संशोधन मर्यादित आहे, त्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही आणि हे पालकांना सांगायला हवं. उपचार करायचेच तर उद्दिष्टं आधी ठरवावीत आणि ठरावीक मुदतीत फरक पडतोय का ते तपासावं. २०१९ साली नोव्हाक आणि होनन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीवरचा उपलब्ध पुरावा एकत्र तपासला. मुलाने स्वतः निवडलेल्या खऱ्या कामाचा, खऱ्या जागी, भरपूर सराव करून घेणाऱ्या पद्धतींच्या बाजूने तिथे पारडं स्पष्ट झुकलं. आधी शरीरातलं मूळ कारण दुरुस्त करू, मग काम आपोआप येईल, या वाटेने जाणाऱ्या पद्धतींना तेवढं बळ मिळालं नाही.

मी स्वतः झोपाळा वापरते. घाबरलेलं मूल खोलीत रुळावं म्हणून, कंटाळलेलं मूल जागं व्हावं म्हणून, आणि उंचावरून उतरायची भीती असेल तर तेच उद्दिष्ट म्हणून. पण झोपाळ्यावर बसून अक्षर सुधारतं असं मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही. बटण शिकायचं तर बटण हातात घ्यावं लागतं.

तुमची थेरपिस्ट चुकतेय असं यावरून लगेच ठरवू नका. सुरुवातीचे काही आठवडे मुलाचा विश्वास मिळवण्यात जातात, आणि ज्या मुलाला रोज अपयश चाखावं लागतं त्याच्यासाठी एक जागा आनंदाची होणं ही छोटी गोष्ट नाही. तीन महिने झाल्यावर मात्र विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे: आत्ता कुठलं एक काम शिकवणं चालू आहे? ते झालं हे कशावरून कळेल? झोपाळ्याचा त्या कामाशी संबंध काय? पुन्हा कधी तपासणार? चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न आवडतात. उत्तरादाखल नुसतेच जड शब्द मिळाले, किंवा ‘अजून वेळ लागेल’ एवढंच मिळालं, तर दुसरीकडे दाखवायला संकोच करू नका. सेशन चालू असताना तुम्हाला कायम बाहेर बसवत असतील तर आत बसू द्या म्हणा. तिथे काय होतं ते तुम्ही पाहिलं नाही तर ते घरी कसं येणार?

घरी काय करायचं हे सांगण्याआधी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी प्रत्येक पालकाला घरच्या व्यायामांचा कागद द्यायचे. एकीला चौदा व्यायाम दिले होते, रोज करायचे, केले की खूण करायची. तिसऱ्या आठवड्यात तिने कागद आणला तेव्हा सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने केलेल्या होत्या. मी जरा कडक आवाजात विचारलं. ती म्हणाली, ‘बाहेर बाकावर बसून आत्ता केल्या.’ आणि रडायला लागली. घरात तान्हं बाळ, रात्रीची नोकरी. संध्याकाळचा जो एक तास तिला मोठ्या मुलासोबत मिळायचा, त्यात मी तिला परीक्षक करून ठेवलं होतं. मूल तिला बघितलं की लपायचं. त्या दिवशी मी तो कागद फाडला. तेव्हापासून एका वेळी एकच गोष्ट देते, आणि तीही घरात रोज जे घडतंच त्याला जोडून.

तुमच्यासाठी ती गोष्ट शेवटचं बटण.

शर्ट अंगात नको. मोठ्या बटणांचा, काजं थोडी सैल झालेली आहेत असा शर्ट टेबलावर त्याच्यासमोर पसरा, तोही अंगात घातल्यावर दिसतो त्याच दिशेने. समोर बसू नका, मागे किंवा बाजूला बसा, म्हणजे तुमचे हात आणि त्याचे हात एकाच दिशेने चालतील. काज धरणं, बटण आडवं करणं, निम्मं आत घालणं, सगळं तुम्ही करा. त्याने फक्त पलीकडून ओढायचं. झालं, बटण लागलं, आणि ते त्याने लावलं. हे हातात बसलं की एक पायरी मागे या: निम्मं ढकलणंही त्याचं. मग आणखी मागे. शेवटाकडून सुरुवातीकडे जाणाऱ्या या पद्धतीत प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं. सुरुवातीपासून शिकवलं की पहिल्या दोन पायऱ्यांनंतर मूल दमतं, बाकीचं तुम्ही पूर्ण करता आणि त्याच्या लक्षात राहतं ते आपलं अडलेलं काम. टेबलावर जमलं की शर्ट अंगात घालून, खालच्या बटणापासून सुरुवात करा. ते डोळ्यांना दिसतं.

शाळेच्या सकाळी हे अजिबात करू नका. सकाळी आजीने सरळ बटणं लावून द्यावीत, त्यात अपराध नाही. संध्याकाळी पाच-सात मिनिटं पुरतात. आणि ते काम आजीकडेच द्या असं मी सुचवेन. घरात जिच्याकडे थोडा निवांतपणा आहे आणि जिच्यासमोर तो सगळ्यात कमी घाबरतो, ती तीच असणार.

तुमचा मुलगा बोलका आहे, त्याचा फायदा घ्या. हेलेन पोलाताज्को आणि अँजेला मँडिच या कॅनडातल्या थेरपिस्टांनी अशाच मुलांसाठी एक पद्धत बसवली. तिचा गाभा चार शब्दांत मावतो: काय करायचंय, कसं करू, करून बघू, जमलं का? महत्त्वाचं हे की ‘कसं करू’चं उत्तर मुलाने शोधायचं, आपण फक्त विचारायचं. एका मुलाला मी विचारलं, ‘बटण कुठे अडतंय?’ तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘दार छोटंय.’ मग? ‘मग तिरकं घालू. पत्रपेटीत पत्र टाकतात तसं.’ त्या दिवसानंतर तो स्वतःशीच ‘पत्र, पत्र’ असं पुटपुटत बटणं लावायचा. मी त्याला हेच शंभरदा सांगितलं असतं, ‘बटण आडवं कर,’ तरी ते टिकलं नसतं. आपली सूचना जिभेच्या टोकावर येते, ती गिळायला मलाही वर्षं लागली. दहापर्यंत मनात मोजा, मग विचारा.

शाबासकी देताना ‘हुशार रे माझा’ यापेक्षा ‘या वेळी कापड सोडलं नाहीस’ म्हणा. काय बरोबर झालं ते त्याला कळेल.

अक्षराबद्दल. पेन्सिलच्या आधी पायांकडे बघा. पाय लोंबकळत असतील तर सगळं अंग तोल सांभाळण्यात गुंतलेलं असतं आणि बोटांना मोकळीक मिळत नाही. पायाखाली खोकं किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, टेबल कोपरापेक्षा किंचित उंच असू द्या. पेन्सिलच्या पकडीवरून घराघरांत युद्धं होतात, ती बहुतेक अनावश्यक असतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ही नेहमीची पकड. चार बोटांची पकड. आणि या दोन्हींचे, अंगठा आडवा येणारे प्रकार, अशा चारही पकडींनी मुलं सारख्याच वेगाने आणि वाचता येईल असं लिहितात, हे संशोधनात दिसलं आहे. हात दुखत नसेल आणि पेन्सिल हलत असेल तर पकड सोडून द्या.

अक्षरांच्या आधी आकार येतात. साधारण तीन वर्षांचं मूल गोल बघून काढतं, चारच्या सुमाराला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन, त्यानंतर त्रिकोण. ज्याला तिरकी रेघ बघून काढता येत नाही, त्याच्याकडून पानभर अक्षरं गिरवून घेणं म्हणजे छळ आहे, हे मी शब्द तोलूनच लिहितेय. आकार जमत असतील तर अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता वळणाच्या कुळांनी घ्या: ग, म, भ, न एका घरचे, व, ब, क दुसऱ्या घरचे. एका कुळाचं वळण हातात बसलं की पुढची भावंडं लवकर येतात. सुरुवात उभ्या फळ्यावर किंवा भिंतीला चिकटवलेल्या मोठ्या कागदावर करा. तिथे मनगट आपोआप योग्य कोनात येतं आणि हात खांद्यापासून चालतो. रोज चार-पाच अक्षरं, आणि त्यातलं त्याला सगळ्यात छान वाटलेलं त्याने स्वतः गोल करून दाखवायचं. बस.

विचार करणं आणि लिहिणं काही काळ वेगळं ठेवा. त्याला गोष्ट सुचते ना? त्याने सांगावी, तुम्ही लिहा. नाहीतर हात चालत नाही म्हणून गोष्ट सांगणंही बंद होतं, आणि ते नुकसान अक्षरापेक्षा फार मोठं आहे. बाईंना भेटून एवढंच मागा: फळ्यावरून उतरवायचं कमी द्या, उत्तर तोंडी घ्या, वेळ थोडा जास्त द्या. थेरपिस्टकडून दोन ओळींचं पत्र मिळालं तर शिक्षकांना सोयीचं जातं.

नखांबद्दल थोडक्यात. झोपेत कापणं वाईट नाही, पण त्यातून तो काही शिकत नाही. आंघोळीनंतर नखं मऊ असतात तेव्हा आधी त्याच्या बोटांची टोकं घट्ट दाबा. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांना हलका स्पर्शच जास्त त्रास देतो. कुठलं बोट ते त्याने ठरवायचं, ‘आता’ त्याने म्हणायचं, आणि एका दिवशी दोनच बोटं. नियंत्रण त्याच्या हातात आलं की निम्मी भीती ओसरते. जबरदस्तीने धरून कापू नका. अंगावर दाब येऊन मूल शांत व्हावं म्हणून वजनाची जाकिटं घ्यायला कोणी सांगेल, पण त्यांच्या उपयोगाचा पुरावा फार कमकुवत आहे, मी घ्यायला सांगत नाही.

एक गोष्ट तुमच्या मुलासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी असू शकते. बाळ वर्षाच्या आतच सतत एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ मिटलेली ठेवत असेल, तर त्याला ‘उजवा आहे’ किंवा ‘डावरा आहे’ म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि कुठल्याही वयाचं मूल आधी येत असलेली गोष्ट विसरू लागलं, बोलणं असो, चालणं असो, हाताचं काम असो, तर थेरपिस्टकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा, त्याच आठवड्यात.

किती दिवस लागतील? एका कामाला, योग्य सराव झाला तर, आठ ते बारा आठवड्यांत फरक दिसायला हवा. नाही दिसला तर काम जास्त अवघड निवडलंय किंवा अडचण दुसरीच आहे, आणि पद्धत बदलायला हवी. दिसला तर पुढचं काम घ्या, किंवा महिना-दोन महिने थांबा. थेरपीला सुट्टी घेतली की सगळं बुडतं असं नाही. मुलाला पोहायला, सायकलला, नुसतं खेळायलाही वेळ हवा, आणि तुम्हालाही कधी एक संध्याकाळ फक्त त्याची आई म्हणून मिळायला हवी. मोठ्या झालेल्या मुलांना लेस बांधता आली नाही तर चिकटपट्टीचे बूट घ्यावेत, लिहून हात दुखला तर टाईप करायला शिकवावं. कुठे शिकवायचं आणि कुठे वाट सोपी करायची हे दर वर्षी नव्याने ठरवावं लागतं, आणि त्या निर्णयात दरवेळी मुलाचं मत आधी विचारावं.

पुढच्या सेशनला जाताना मुलाने सध्या स्वतः लावलेली बटणं मोजून तो आकडा आणि तारीख एका कागदावर लिहून न्या. शून्य असेल तर शून्य लिहा. मधल्या काळात आजींना टेबलावर शर्ट पसरून द्या. तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा, आणि तो नेमका कुठल्या पायरीवर अडतोय तेही पाहून लिहा: काज धरताना, ढकलताना, की हात बदलताना.